हंसराजाचे पुरावे

पावसाळ्यात त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर, इगतपुरीच्या घाटात, ओलसर दरडींवर एक नाजूक नेचा उगवतो. काळा, तारेसारखा चकचकीत देठ आणि दोन्ही अंगांना अर्धचंद्राच्या आकाराच्या पर्णिका. पानाचे टोक लांबत जाऊन मातीला टेकते, तिथेच मूळ धरते आणि नवे रोप उभे राहते. पाऊस सरला की सारे वाळून जाते. शास्त्रीय नाव अ‍ॅडिअँटम फिलिपेन्स, जुन्या ग्रंथांत अ‍ॅडिअँटम ल्युन्युलेटम. मराठीत हंसराज, काही नोंदींत घोडखुरी. आज त्याच्या औषधी गुणांची लांबलचक यादी दिली जाते. त्यातले नेमके किती गुण या नेच्याचे, हे जुने ग्रंथ एकमेकांशेजारी ठेवल्यावरच कळते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, चौथ्या अध्यायात, गळ्याला हितकर अशा दहा द्रव्यांचा गण आहे. ज्येष्ठमध, पिंपळी, द्राक्षे यांच्याबरोबर त्यात हंसपादी येते; आज हे हंसराजाचेच संस्कृत नाव मानतात. सुश्रुताच्या विदारिगंधादि गणातही ती आहे. मात्र दोन्ही ठिकाणी केवळ नाव आहे, पानाचे वर्णन नाही. गुरू झाड दाखवणार हे गृहीत धरूनच असे गण रचले जात. त्यामुळे चरकाची हंसपादी म्हणजे हाच नेचा, असे नुसत्या नावावरून म्हणता येत नाही. सोळाव्या शतकातला भावप्रकाश थोडे अधिक सांगतो: हंसपादी थंड गुणाची, रक्तदोष, व्रण, दाह, अतिसार आणि विसर्प यांवर उपयोगी. विसर्प म्हणजे आपण ज्याला धावरे म्हणतो ते.

दुसरा प्रवाह पश्चिमेकडून आला. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने खोकला आणि दम्यावर सांगितलेला नेचा अरबी-फारसी ग्रंथांतून युनानी हकिमांकडे परसियावशान म्हणून पोहोचला. तो अ‍ॅडिअँटम कॅपिलस-व्हेनेरिस. याच्या पर्णिका पाचरीसारख्या असतात आणि याला सतत झिरपणारे पाणी लागते. काष्ठौषधींच्या बाजारात मात्र तोही हंसराज आणि हिमालयातला अ‍ॅडिअँटम व्हेनस्टमही हंसराजच. गळा आणि छाती यांवर दोन्ही परंपरांचे एकमत असल्याने नावांची सरमिसळ कोणाला खटकली नसावी. खोकल्यावरचे औषध म्हणून हंसराजाची जी कीर्ती आहे, तिच्यातला मोठा वाटा मला या परक्या भावंडाचा वाटतो.

सह्याद्रीतल्या अर्धचंद्र पानाच्या नेच्याशी निःसंशय जोडलेला पुरावा हवा असेल तर एकोणिसाव्या शतकात यावे लागते. विल्यम डायमॉक हा मुंबईत सरकारी औषधभांडाराचा प्रमुख होता. वॉर्डन आणि हूपर यांच्यासह त्याने रचलेला ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ तीन खंडांत, १८९० ते १८९३ या काळात निघाला. डायमॉक १८९२ मध्ये वारला आणि नेचे शेवटच्या खंडात आले. ल्युन्युलेटमच्या नोंदीत दोन उपयोग आहेत. गुजरातेत लहान मुलांच्या तापावर याची पाने पाण्यात वाटून साखरेबरोबर देतात आणि धावऱ्यासारख्या दाहावर हा नेचा गेरूबरोबर कालवून वरून लावतात.

हा गेरूचा लेप मला सगळ्यात मोलाचा वाटतो. भावप्रकाशाने हंसपादीला विसर्पावर नेमले. तीन शतकांनी प्रत्यक्ष वापरातला नेचा, वनस्पतिशास्त्रीय नावासह, त्याच दुखण्यावर सापडतो. संस्कृत नाव आणि रानातले पान यांना बांधणारा दुवा नामसाम्यापेक्षा इथे पक्का आहे. पण ही नोंद गुजरातची आहे. नाशिक जिल्ह्यातले सुरगाणा आणि पेठ हे तालुके गुजरातला लागून, म्हणून कोकणा, वारली, महादेव कोळी यांच्या पाड्यांवरही हीच रीत होती, असे लिहून टाकण्याचा मोह होतो. शेजार हा काही पुरावा नव्हे.

नाशिकचा संबंध दुसऱ्या बाजूने येतो. १९०७ साली शंकर दाजीशास्त्री पदे यांनी अखिल भारतीय आयुर्वेद संमेलनाची सुरुवात नाशकात केली. ‘वनौषधि गुणादर्श’ लिहून त्यांनी वनस्पतींची माहिती मराठी वाचकाच्या हाती दिली होती. त्याच सुमारास, १९०१ ते १९०८ मध्ये, थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश निघाला. त्यात फुलणाऱ्या वनस्पतीच होत्या. नेच्यांना स्वतंत्र पुस्तक मिळाले ते १९२२ मध्ये, फादर ब्लॅटर आणि द’अल्मेडा यांच्याकडून. पुढे भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने हंसपदी म्हणून ल्युन्युलेटमच मान्य केला. कारखान्यात कोणता माल घ्यायचा ते त्याने ठरले. चरकाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

म्हणूनच त्र्यंबक-सुरगाण्याकडच्या एखाद्या जाणत्या वैदूकडून आज कोणी हंसराजाचा उपयोग टिपून घेणार असेल, तर नुसते नाव लिहून थांबू नये. गाव, महिना, कोणता भाग वापरला आणि कशात वाटला हे लिहावे. सोबत वाळवलेला नमुना जोडावा: मुळासकट, टोकाशी रुजलेला आणि कडेला बीजाणू धरलेला.