घरच्या टाकीत गप्पी माशांचे संगोपन व प्रजनन : नागपूरच्या हवामानासाठी मार्गदर्शन

मनीषनगर, बेसा भागातील अनेक घरांत हौस म्हणून गप्पी आणले जातात, पण मे महिन्यात बहुतेक टाक्या रिकाम्या होतात. मासा नाजूक असतो म्हणून हे होत नाही. तापलेले पाणी, जास्त खाद्य आणि एकदम केलेला पाणीबदल ही मरतुकीची खरी कारणे आहेत. ती टाळल्यास एका टाकीतून वर्षभर पिल्ले मिळतात.

ओळख

गप्पी (पोसिलिया रेटिक्युलाटा) मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातील व त्रिनिदादचा. हा मासा अंडी न घालता थेट पिल्ले देतो. नर सुमारे ३ सें.मी., रंगीत व मोठ्या शेपटीचा असतो. मादी ५ ते ६ सें.मी., फिकट व पोटाने भरलेली असते.

टाकी व पाणी

• २ × १ × १ फूट आकाराची टाकी (सुमारे ५० लिटर पाणी) सुरुवातीस पुरेशी आहे. स्पंज फिल्टर लावावा, त्यात पिल्ले ओढली जात नाहीत.
• पाण्याचा सामू ७ ते ८ व तापमान २४ ते २८ अंश ठेवावे. गप्पीला जड पाणी मानवते, त्यामुळे बोअरचे पाणी सहसा चालते.
• नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते २४ तास उघड्या बादलीत ठेवून मगच वापरावे.
• दर आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदलावे. संपूर्ण टाकी एकदम धुऊ नये. फिल्टरमधील उपयुक्त जिवाणू नष्ट होऊन अमोनिया वाढतो.

प्रजनन

• एका नरामागे २ ते ३ माद्या ठेवाव्यात. नर जास्त झाल्यास सततच्या पाठलागाने माद्या थकतात.
• साधारण २१ ते ३० दिवसांत मादी २० ते ५० पिल्ले देते. पोट चौकोनी दिसू लागले व शेपटीकडील डाग गडद झाला की वीण जवळ आली असे समजावे.
• मोठे मासे स्वतःची पिल्लेही खातात. टाकीत जावा मॉस किंवा हायड्रिला दाट ठेवावे अथवा मादी वेगळ्या टाकीत हलवावी. वीण झाल्यावर तिला परत आणावे.
• मादी एका मीलनातील शुक्राणू काही महिने साठवते. एखादा रंग शुद्ध राखायचा असल्यास दुकानातील मोठी मादी उपयोगाची नाही. पिल्लांतील नर-मादी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच वेगळे करावेत. नराचा पोटाखालचा पर लांब व टोकदार होतो, हीच ओळख.

पिल्लांचे खाद्य

पहिले दोन आठवडे आर्टेमियाची पिल्ले किंवा बारीक केलेले कोरडे खाद्य दिवसातून ३ ते ४ वेळा द्यावे. उकडलेल्या अंड्याचा बलक चालतो, पण चिमूटभरच. उरलेला बलक लगेच काढावा. मोठ्या माशांना दोन वेळा, २ मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्यावे.

नवतप्यातील काळजी

पाणी २५ अंशांवर असताना लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू धरते, ३५ अंशांवर ते प्रमाण ७ च्या आसपास येते. उष्णतेत अमोनियाही अधिक विषारी ठरतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर पुढील उपाय करावेत.

• टाकी खिडकीपासून व पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवावी.
• झाकण काढून वर जाळी लावावी, पृष्ठभागावर पंख्याची हवा सोडावी.
• हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा, खाद्य निम्मे करावे.
• फ्रिजचे पाणी थेट ओतू नये. एका उन्हाळ्यात मी स्वतः भर दुपारी थंड पाणी ओतले आणि संध्याकाळपर्यंत पिल्लांची अख्खी वीण गमावली. बर्फाची बंद बाटली तरंगत ठेवावी व तापमान हळूहळू उतरवावे.

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा थर्मोस्टॅट असलेला हीटर लावावा.

जादा पिल्लांचे काय करावे?

गप्पी डासांच्या अळ्या खातो, म्हणून हिवताप-डेंग्यू नियंत्रणात तो वापरला जातो. वापरात नसलेली बंदिस्त विहीर, बागेतील हौद किंवा सिमेंटच्या टाक्यात जादा पिल्ले सोडता येतील. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या पाण्यात ती जगत नाहीत. कुलरसाठी मात्र हा उपाय नाही. कुलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून कोरडीच करावी, कारण एडिस डासाची अंडी कडेला चिकटून राहतात.

अंबाझरी, फुटाळा तलाव किंवा नाग नदीत गप्पी कधीही सोडू नयेत. हा परका मासा झपाट्याने वाढतो आणि स्थानिक माशांची अंडी व पिल्ले खातो. पिल्ले जास्त झाल्यास शेजाऱ्यांना द्यावीत किंवा नर-मादी वेगळे ठेवून वीण थांबवावी.

व्यवसाय म्हणून सुरुवात करायची असल्यास एका टाकीत किमान एक उन्हाळा पार पाडावा, मगच टाक्या वाढवाव्यात. तेलंगखेडी येथील मत्स्य विज्ञान महाविद्यालयाचा सल्लाही घेता येईल.