हार्डविक हॉलचा स्थपति कोण?

वास्तूचा कर्ता कोण, हा प्रश्न जुनीं दप्तरें चाळणारांस अपरिचित नाहीं. आपल्याकडील देवालयांच्या शिलालेखांत दात्याचें नांव व कुळ सविस्तर येतें, सूत्रधाराचें क्वचितच. इंग्लंडांत डर्बीशायरमधील हार्डविक हॉल या वाड्याविषयीं हाच प्रश्न उभा राहतो. विशेष हा कीं, तेथें वाडाही शाबूत आहे आणि त्याचे हिशेबही पुष्कळसे शिल्लक आहेत.

हा वाडा श्रूझबरीच्या उमरावाची पत्नी एलिझाबेथ हिनें बांधविला. तिचा चवथा पति १५९० च्या नोव्हेंबरांत वारला. त्याच सुमारास काम सुरू झालें व १५९७ च्या ऑक्टोबरांत ती तेथें राहावयास गेली. शेजारचा जुना वाडा तिचाच. तो आज भग्न आहे.

नवा वाडा तीन मजली असून त्यास सहा मनोरे आहेत. प्रत्येकाच्या माथ्यावर तिच्या नांवाचीं ई व एस हीं आद्याक्षरें मुकुटासह दगडांत कोरलीं आहेत. खिडक्या मजल्यागणिक उंच होत जातात, कारण समारंभाचीं दालनें सर्वांत वर आहेत. प्रवेशाचा दिवाणखाना, जुन्या रिवाजाप्रमाणें दर्शनी भिंतीस समांतर न ठेवतां, दारापासून सरळ आंत नेला आहे. त्यामुळें दोन्ही बाजू समतोल झाल्या. या समतोलाच्या हव्यासानें कांहीं खिडक्या खोट्याच आहेत. बाहेरून तावदानें, आंत धुराडें! आम्हांस ही लबाडी मोठी मार्मिक वाटते.

आतां रॉबर्ट स्मिथसन. यानें १५६८ पासून लाँगलीट येथें पाथरवटाचें काम केलें व पुढें वॉलटन हॉल उभारला. १६१४ सालीं तो वारला. वॉलटन येथील त्याच्या थडग्यावर त्यास स्थपति म्हटलें असून वॉलटनखेरीज इतर थोर वास्तूंचा मोघम उल्लेख आहे. हार्डविकचें नांव नाहीं. हार्डविकच्या हिशेबांत आराखड्याबद्दल त्यास मोबदला दिल्याची नोंद मिळत नाहीं. मात्र १५९७ मध्यें स्मिथसन नांवाच्या मोजणीदारास २० शिलिंग व त्याच्या मुलास १० शिलिंग दिल्याचें टिपण आहे. एवढ्यावरून कर्तृत्व ठरविणें धाडसाचें होईल. तें बक्षीसही असूं शकेल. परंतु त्याच्या कागदांत हार्डविकशीं मिळताजुळता एक नकाशा आहे आणि वॉलटनच्या मनोऱ्यांचें व विपुल खिडक्यांचें साम्य उघड आहे. तिन्ही प्रमाणें एकत्र घेतां आराखडा स्मिथसनचा मानावयास आमची हरकत नाहीं. नुसत्या टिपणावर विसंबणारे व नोंद नाहीं म्हणून नाकारणारे, हे दोघेही घाई करतात.

तथापि वास्तूची इच्छा यजमानिणीची होती. हिशेब ती स्वतः तपासून सही करी. १५९२ च्या सुमारास तिनें हॅटन घराण्याकडून गिडियनच्या कथेचे १३ विणलेले पडदे विकत घेतले आणि त्यांवरील हॅटनचीं कुलचिन्हें आपल्या चिन्हांनीं झांकविलीं. १६०१ मध्यें मृत्युपत्रासोबत केलेल्या सामानाच्या यादींत हे पडदे लांब दालनांत असल्याचें लिहिलें आहे. त्याच दालनांत ते आजही टांगलेले आहेत.