कॅमेरा सापडला, माणसं नाहीत

मागच्या महिन्यात बडोद्याच्या एका श्रोत्यानं लिहिलं, "कर्नलसाहेब, लढाया झाल्या, किल्ले झाले, आता एकदा भुताच्या सिनेमांवर बोला की." चेष्टाच असावी. पण मी ती मनावर घेतली. भयपटांचा एक प्रकार असा आहे की तो बघताना मला माझी नोकरीच आठवते. त्याला 'फाउंड फुटेज' म्हणतात, म्हणजे सापडलेलं चित्रीकरण. सुरुवातीलाच आपल्याला सांगितलं जातं की काही माणसं कॅमेरा घेऊन कुठंतरी गेली, ती परत आली नाहीत, त्यांच्या टेप्स तेवढ्या सापडल्या, आणि त्याच आता तुम्ही बघताय.

म्हणजे सिनेमा आपल्यापुढे गोष्ट म्हणून येत नाही, पुरावा म्हणून येतो. आणि पुराव्याशी माझा थोडा संबंध आलेला आहे. नोकरीत तीन-चार वेळा मी कोर्ट ऑफ इन्क्वायरीवर बसलो. तिथं साक्षीदाराला ठरावीक प्रश्न असतात. तू कुठं उभा होतास? उजेड किती होता? स्वतः काय पाहिलंस आणि ऐकीव काय आहे? वस्तू पुढे आली तर आणखी दोन: ही कुणी उचलली, आणि इथं येईपर्यंत कुणाकुणाच्या हातात होती? आज हेच प्रश्न घेऊन या सिनेमांकडे बघू.

ही युक्ती सिनेमाच्या आधीची आहे. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' १८९७ साली आली. ती सगळी कादंबरी म्हणजे डायऱ्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं आणि फोनोग्राफवर बोलून ठेवलेल्या नोंदी. सांगणारा लेखक कुठं दिसतच नाही. पण स्टोकर पक्का माणूस. हे कागद एकत्र कुणी केले, हेही तो कथेतच सांगतो. मीना नावाची नायिका टाइपरायटरवर ते सगळे उतरवून क्रमानं लावते. माझ्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यानं सव्वाशे वर्षांपूर्वी देऊन ठेवली आहेत.

मग कॅमेरा आला, आणि तो लगेच रणांगणावर गेला. १९१६ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये 'द बॅटल ऑफ द सोम' हा चित्रपट लागला. जेफ्री मॅलिन्स आणि जॉन मॅकडॉवेल या दोघांनी तो फ्रान्समध्ये आघाडीवर जाऊन टिपला होता. पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे २ कोटी तिकिटं विकली गेली असं मानतात. ज्यांची मुलं तिकडं लढत होती ते आईबाप थिएटरात बसून पडद्यावर ओळखीचा चेहरा शोधत होते. त्यातलं सगळ्यात गाजलेलं दृश्य म्हणजे सैनिक खंदकातून वर चढतात आणि एक जण तिथंच कोसळतो. हे दृश्य लढाईचं नव्हतं. आघाडीच्या मागे, प्रशिक्षणाच्या खंदकात ते उभं केलं होतं. बाकीचं बरंचसं चित्रीकरण खरं होतं, जखमी खरे होते, मृतदेह खरे होते. खऱ्याच्या शेजारी ठेवल्यामुळे खोटंही खपून गेलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भयपटानं ही युक्ती पूर्णपणे उचलली ती १९८० साली, इटलीत. रुजेरो देओदातो या दिग्दर्शकाचा 'कॅनिबल हॉलोकॉस्ट'. अमेरिकी चित्रपट-पथक ॲमेझॉनच्या जंगलात जातं, नाहीसं होतं, आणि शोधायला गेलेल्या प्राध्यापकाला त्यांची रिळं मिळतात. मिलानमध्ये सिनेमा लागल्यावर थोड्याच दिवसांत तो जप्त झाला. नट खरोखरच मारले असावेत, असा संशय दिग्दर्शकावर आला. ते जिवंत आहेत हे त्याला दाखवून द्यावं लागलं. पण त्यात जी जनावरं मरताना दिसतात ती खरोखर मारली होती. खोटं मरण खरं वाटावं म्हणून शेजारी खरं मरण ठेवलं. सोमच्या सिनेमात जे युद्धाच्या धामधुमीत झालं ते इथं जाणूनबुजून केलं. मी हा सिनेमा एकदाच पाहिला आणि पुन्हा पाहणार नाही.

आता १९९९ कडे येऊ. त्या जुलैत आपलं लक्ष कारगिलकडे होतं. मी स्वतः तिथं नव्हतो, राजस्थानात होतो. रोज संध्याकाळी मेसमधल्या टीव्हीवर आम्ही हलत्या कॅमेऱ्यातून तोफा पाहत होतो. आणि त्याच महिन्यात तिकडे अमेरिकेत 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' थिएटरात लागला.

डॅनियल मिरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोन नवख्या दिग्दर्शकांनी तो १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये मेरीलँडच्या जंगलात आठ दिवसांत केला. कथा साधी. चेटकिणीच्या दंतकथेवर माहितीपट करायला तीन विद्यार्थी जंगलात जातात आणि वाट चुकतात. करण्याची पद्धत मात्र आमच्या एखाद्या सरावासारखी होती. कॅमेरे नटांच्याच हातात दिले. पुढचा मुक्काम जीपीएसवर. त्या दिवसाच्या सूचना डब्यात चिठ्ठी घालून ठेवलेल्या. संवाद त्यांनी स्वतः बोलायचे. दिवसागणिक जेवण कमी. रात्री दिग्दर्शकच तंबूभोवती आवाज करायचे. चौथ्या दिवसापर्यंत माणूस कसा चिडका होतो, नकाशावरून कसा भांडतो, हे ज्यानं लांबची गस्त केली आहे त्याला सांगायला नको. ती चिडचिड पडद्यावर आहे, आणि ती अस्सल आहे.

या सिनेमाचा खर्च अगदी थोडा, जगभरची कमाई २५ कोटी डॉलरच्या आसपास. पण खरा डाव बाहेर होता. इंटरनेट तेव्हा बहुतेकांना नवं होतं. सिनेमाच्या संकेतस्थळावर पोलिसांचे अहवाल, तपासाचे फोटो असा सगळा बनाव मांडला होता. बेपत्ता असल्याची पत्रकं वाटली. पात्रांना नटांचीच खरी नावं दिली होती, त्यामुळे हीदर डोनाह्यू या नटीच्या आईला लोकांची सांत्वनपत्रं आली. मुलगी धडधाकट, आणि आईच्या हातात सांत्वनाची पत्रं.

मग हे घाबरवतं कसं? धारप-मतकरी वाचून वाढलेली आमची पिढी. भीतीला चांगली भाषा लागते, असं आम्ही मानणारे. इथं ना भाषा, ना संगीत, ना ओळखीचा नट. चेटकीण तर एकदाही दिसत नाही. शेवटी एक जण कोपऱ्याकडे तोंड करून उभा दिसतो, कॅमेरा खाली पडतो, संपलं. तरी घाम फुटतो.

याचं उत्तर मला १९९० च्या दशकात एका चौकीवर मिळालं होतं. रात्री दोनच्या सुमाराला पहाऱ्यावरच्या जवानानं कळवलं की समोर कुणीतरी उभं आहे. मी नाइट व्हिजनमधून पाहिलं. हिरवट उजेडात खरंच माणसासारखी आकृती. त्या यंत्रात एवढंसं गोल वर्तुळ दिसतं, बाकी सगळा काळोख. त्या वर्तुळातल्या माणसापेक्षा वर्तुळाबाहेर किती जण असतील, याची मला जास्त भीती वाटली. जवान म्हणाला, "साहेब, हलला." मलाही तो हलल्यासारखा वाटला. गोळी चालवायची नाही, नजर हटवायची नाही, असं ठरवून आम्ही उजाडेपर्यंत थांबलो. उजाडल्यावर दिसलं, वाळलेलं खेजडीचं झाड आणि त्यावर अडकलेलं फाटकं पोतं. जवान मात्र शेवटपर्यंत सांगत राहिला, हललं होतं म्हणून.

फाउंड फुटेजचं बळ हेच आहे. नेहमीच्या सिनेमात कॅमेऱ्याला सगळं ठाऊक असतं. दाराआड कोण आहे ते तो आपल्याला आधी दाखवतो. इथं कॅमेऱ्याला पात्राइतकंच कळतं. चौकटीबाहेरचा काळोख आपणच भरतो, आणि प्रत्येक जण आपापल्या घरच्या भुतानं भरतो.

आता दोष. माझ्या प्रश्नांपुढे यातले बरेच सिनेमे टिकत नाहीत. पहिलीच अडचण म्हणजे जीव घेऊन पळणारा माणूस कॅमेरा का सोडत नाही? 'क्लोव्हरफील्ड' या २००८ च्या सिनेमात न्यूयॉर्क शहर कोसळतंय, राक्षस मागे लागलाय, आणि हा गडी चित्रीकरण करतोच आहे. कॅमेरा इतका हलतो की काही थिएटरांनी मळमळ होऊ शकते असे फलक लावले होते. दुसरी अडचण संकलनाची. टेप सापडली म्हणता, मग तिच्यातला कंटाळवाणा भाग कुणी कापला? नेमका भीतीच्या जागी तुकडा कुणी जोडला? स्टोकरनं दिलेलं उत्तर फार थोडे सिनेमे देतात. तिसरी अडचण म्हणजे तासभर काहीच घडत नाही, आणि शेवटची पाच मिनिटं नुसता आरडाओरडा. ही सगळी बाजी एका खोटेपणावर उभी आहे, आणि तो एकदाच खपतो. ब्लेअर विचनंतर सगळ्यांना कळलं की हे खोटं आहे. मग उरतो तो फक्त हलणारा कॅमेरा.

ज्यांनी कॅमेरा चालू का आहे याचं उत्तर आधी शोधलं, ते सिनेमे टिकले. ओरेन पेलीनं 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' सॅन डिएगोतल्या स्वतःच्याच घरात केला आणि बेडरूममधला कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून दिला. घरात रात्री काय होतं ते बघायचंय, म्हणून तो चालू. पुरेसं कारण. २००७ च्या 'रेक' या स्पॅनिश सिनेमात टीव्हीची वार्ताहर अग्निशमन दलाबरोबर बार्सिलोनातल्या एका इमारतीत अडकते. चित्रीकरण करणं हे तिचं कामच आहे.

आपल्याकडे २०११ साली 'रागिणी एमएमएस' आला. पवन कृपलानी दिग्दर्शक. एक तरुण मैत्रिणीला एकांतातल्या घरात घेऊन जातो आणि तिथं छुपे कॅमेरे असतात. कॅमेरा का चालू आहे, याचं उत्तर इथं भुतापेक्षा घाणेरडं आहे. आणि त्या घरातलं भूत मराठी बोलतं. आपण चेटकीण नाही, हे ती बाई पुन्हा पुन्हा सांगते. म्हणजे कुणीतरी तिला कधीतरी चेटकीण ठरवलं होतं, आणि तिचं कुणी ऐकलं नव्हतं.

आता मी हा विषय का घेतला ते सांगतो. २०१८ साली मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा देशभर व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. त्यातला एक व्हिडिओ सीसीटीव्हीसारखा दिसणारा. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरचं मूल उचलतात आणि निघून जातात. मुळात ती कराचीत केलेली, मुलांच्या सुरक्षेची जाणीव देणारी फिल्म होती. तिच्या शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि संदेश दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला. भयपटाचं व्याकरण तेच. धूसर चित्र, अर्धवट शेवट, बाकीचं तुमच्या मनावर. फक्त इथं तिकीट काढून कुणी बसलं नव्हतं.

अशाच अफवांच्या दिवसांत, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं मारून टाकलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. त्यांना पंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं. आम्ही आहोत कोण, हे त्यांनीही सांगितलंच असेल.

आमच्या हातात त्या रात्री बंदुका होत्या, समोर आकृती होती, आणि दोघांनाही ती हलल्यासारखी वाटली होती. आम्ही उजाडेपर्यंत थांबलो, कारण थांबायचं शिक्षण मिळालं होतं. राईनपाड्यात कुणी थांबलं नाही.

म्हणून भुताचे सिनेमे जरूर बघा. दिवे घालवून बघा, हवं तर नातवंडांना कुशीत घेऊन बघा. तिथं फसणं हा खेळाचाच भाग आहे. पण फोनवर पुढचा हलता व्हिडिओ आला की ते प्रश्न आठवा. हे कुणी टिपलं? तो कुठं उभा होता? चित्र कुठं सुरू झालं आणि कुठं कापलं? माझ्यापर्यंत कुणाकुणाच्या हातून आलं? उत्तर मिळालं नाही, तर पुढे पाठवू नका. उजाडू द्या.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.