त्रिकाल संध्या
त्रिकाल संध्या : जागे होताना, जेवताना व झोपताना करावयाची प्रार्थना. पांडुरंगशास्त्री आठवले (१९ ऑक्टोबर १९२०–२५ ऑक्टोबर २००३) यांनी स्वाध्याय कार्यातून तिचा प्रसार केला. त्यांचा जन्म रोहा येथला. सकाळी स्मृती, भोजनसमयी शक्ती व रात्री शांती देणाऱ्या ईश्वराचे कृतज्ञ स्मरण, हे तिचे सूत्र. मन, शरीर आणि विश्रांती यांचा एकत्र विचार हे तिचे मोल. हृदयस्थ ईश्वराच्या जाणिवेतून आत्मसन्मान व परसन्मान वाढतो, ही त्यामागील धारणा. योगेश्वर कृषी (सामूहिक शेती), मत्स्यगंधा (सामूहिक मासेमारी) या स्वाध्याय कार्यातील प्रयोगांनी हाच भाव सामूहिक श्रमात आणला. आठवले यांना १९९६ मध्ये मॅगसेसे, तर १९९७ मध्ये टेम्पलटन पुरस्कार लाभला.