नर्सबाई दारात येते तेव्हा

नर्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रुग्णालय येतं. पांढरा पोशाख, हातात थर्मामीटर, खाटांची रांग आणि मध्यरात्री कुणाच्या तरी कण्हण्याकडे वळणारी पावलं. कथा-सिनेमांत ती अशीच भेटते. पण नर्सचं एक काम रुग्णालयाच्या भिंतीबाहेर चालतं. माणूस आजारीच पडू नये म्हणून करायचं काम. त्यासाठी तिला दुसऱ्याच्या घराचा उंबरा ओलांडावा लागतो. आज मला बोलायचं आहे ते या उंबऱ्याविषयी. तिथून कोण आत आलं आणि कोणाला लोकांनी बाहेर ठेवलं, यावर आपल्याकडे अनेक साथींचं भवितव्य ठरलेलं आहे.

1896 साली मुंबईत प्लेग आला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तो पुण्यात पोचला. प्लेगची लस हाफकिन यांनी जानेवारी 1897 मध्ये मुंबईतच स्वतःला टोचून घेतली होती. म्हणजे शास्त्र अगदीच हातावर हात ठेवून बसलेलं नव्हतं. रोग्याला वेगळं ठेवा, घर स्वच्छ करा, हा सल्लाही त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे समंजसच होता. पण तो सल्ला घेऊन पुण्याच्या घरात कोण शिरलं? गोरे सोजीर. माजघरापर्यंत, देवघरापर्यंत. बायाबापड्यांच्या अंगाला हात लागला. लोकांनी मग रोगी लपवायला सुरुवात केली. मुंबईत राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यू.एच.एच.' अशी अक्षरं रंगवली गेली. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, हे आपण शाळेत शिकलो. राजकीय इतिहास म्हणून शिकलो. आरोग्याचा इतिहास म्हणूनही तो धडा वाचायला हवा, असं मला वाटतं.

त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ, हडपसरच्या बाजूला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. त्यांच्या मुलाने, डॉक्टर यशवंतने, तिथे दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई रोग्यांना स्वतः आणत आणि त्यातच प्लेग होऊन 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. नर्सिंगचं कुठलंही प्रमाणपत्र त्यांच्याकडे नव्हतं. पण ज्या वस्त्यांत त्या गेल्या, तिथे त्यांना कोणी परकं मानत नव्हतं.

योगायोग असा की प्लेग मुंबईत आला त्याच वर्षी, 1896 मध्ये, लंडनमध्ये अंथरुणाला खिळलेल्या एका वृद्धेने लिहिलं होतं की भारतातल्या खेड्यांना घरोघरी जाऊन आरोग्याचं शिक्षण देणारी माणसं हवीत. ही वृद्धा म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल. क्रिमियाच्या युद्धातली हातात दिवा घेतलेली तिची प्रतिमा इतकी प्रसिद्ध झाली की तिचं पुढचं मोठं काम त्या उजेडातच झाकोळलं. ती भारतात कधीही आली नाही. पण इथल्या सैनिकांच्या आरोग्याची आकडेवारी तिने वर्षानुवर्षं अभ्यासली. 1863 च्या शाही आयोगाच्या अहवालात भारतातल्या गोऱ्या सैन्याचा मृत्युदर हजारी 69 होता. हे मृत्यू लढाईतले नव्हते. बहुतेक सगळे घाण पाणी, तुंबलेली गटारं आणि कोंदट बराकी यांतून आलेले. हे टाळता येतं, हे तिने आकड्यांनी दाखवलं. मग तिचं लक्ष सैन्याकडून खेड्यांकडे गेलं.

नर्सने घरोघरी जायची सुरुवात मात्र इंग्लंडमध्येच, लिव्हरपूल शहरात झाली. विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्याची पत्नी 1859 साली वारली. तिची शुश्रूषा करणाऱ्या मेरी रॉबिन्सन या नर्सला त्याने विचारलं, तीन महिने शहरातल्या गरिबांच्या घरी जाशील का? ती गेली. थोड्याच दिवसांत रडत परत आली आणि म्हणाली, हे दैन्य मला पाहवत नाही, मला मोकळं करा. रॅथबोनने तिला मुदत पुरी करायला सांगितलं. तीन महिने संपले तेव्हा तीच ते काम सोडायला तयार नव्हती. पुढे नाइटिंगेलच्या सल्ल्याने तिथे प्रशिक्षण शाळा निघाली.

आपल्याकडे हे इतकं सोपं नव्हतं. परक्या माणसाच्या अंगाला हात लावणं, परजातीच्या बाळंतिणीचे कपडे उचलणं, हे काम कुणी करायचं? मुंबईत 1886 साली केवळ बायका-मुलांसाठी कामा रुग्णालय उघडलं. पुण्यात 1909 साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सेवासदन निघालं आणि तिथून विधवा, परित्यक्ता मुली ससूनमध्ये नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. त्यांना काय काय ऐकावं लागलं असेल याची कल्पनाच केलेली बरी. 1918 मध्ये दिल्लीत लेडी रीडिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी, आरोग्य अभ्यागत तयार करणारी शाळा सुरू झाली. तरी 1946 साली भोर समितीने हिशोब मांडला तेव्हा देशात 43 हजार माणसांमागे एक नर्स होती. हजारातली 162 मुलं वर्षाची होण्याआधीच जात होती.

स्वातंत्र्यानंतर जी नर्स खेड्यात पोचली तिचं सरकारी नाव होतं सहाय्यक परिचारिका प्रसाविका. लोकांनी ते नाव कधी उच्चारलं नाही. ते म्हणाले, नर्सबाई. सपाटीवर साधारण पाच हजार, डोंगराळ भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र आणि त्यात एक नर्सबाई, असा पुढे दंडक झाला. तिने टाळलेल्या मरणांपैकी एकाच मरणाबद्दल सांगतो. नवजात बाळाचा धनुर्वात.

जन्माला आलेलं धडधाकट मूल आठवडाभरात दूध ओढेनासं होई. जबडा आवळला जाई, अंग धनुष्यासारखं ताठ होई आणि ते जाई. सटवाई पाचव्या-सहाव्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाते, ही समजूत आपल्याकडे सगळ्या जातिधर्मांत आहे. आमच्याकडे छटी म्हणतात. मूल नेमकं त्याच दिवसांत जायचं, मग आईने समजायचं की लिहिलेलंच तेवढं होतं. खरं तर ते विळ्यावर होतं. नाळ विळ्याने कापायची, वर राख किंवा शेण लावायचं. नर्सबाईने यावर कुठला चमत्कार केला नाही. गरोदर बाईला धनुर्वाताची दोन इंजेक्शनं दिली. सुईणीला सांगितलं, हात साबणाने धू, नवं पातं वापर, दोरा उकळून घे, नाळेला काही लावू नकोस. हे एकदा सांगून भागत नाही. प्रत्येक बाळंतपणाला, प्रत्येक सासूला, पुन्हा नव्याने सांगावं लागतं. 2015 साली भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं प्रमाणित झालं. त्या दिवशी कुठे फटाके वाजल्याचं मला आठवत नाही. न झालेल्या मरणाची बातमी होत नाही.

पण याच नर्सबाईच्या हातात मध्यंतरी दुसरी वही दिली गेली. आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. ते अंमलात आलं नाही, पण भीती अंमलात आली. नर्सबाईला 'केसेस' आणायचं टार्गेट होतं आणि हे टार्गेट प्रकरण 1996 पर्यंत या ना त्या रूपात चाललं. माझं बालपण तालुक्याच्या एका गावात, मोहल्ल्यात गेलं. आणीबाणी उठल्यावरही कितीतरी दिवस नर्सबाई गल्लीच्या तोंडाशी दिसली की आम्ही मुलं धावत घरी वर्दी द्यायचो. गोणपाटाचे पडदे खाली यायचे. आतून अम्मी सांगायची, "सांग त्यांना, घरात कोणी नाही."

तो पडदा पुन्हा वर केला तो आमच्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या सुईणीने. आम्ही तिला खाला म्हणायचो. ती एक दिवस नर्सबाईला सोबत घेऊन आली. "भाभी, नुसतं पाणी द्या, उन्हातून आलेय," नर्सबाई म्हणाली आणि आमच्या घरातल्या पेल्यानेच पाणी प्यायली. त्या दुपारी तिने टोचण्याचा विषयसुद्धा काढला नाही. पुढच्या महिन्यात मात्र माझ्या धाकट्या बहिणीला लस मिळाली.

पोलिओच्या वेळी हा सगळा इतिहास पुन्हा दारात उभा राहिला. 1995 पासून देशभर पल्स पोलिओ सुरू झाला. मालेगावसारख्या यंत्रमागाच्या गावातून शंका उठल्या: या थेंबांनी पुढे मुलं होणार नाहीत. हसणं सोपं आहे. पण ज्या घराने 1976 पाहिलं त्या घराने असं विचारणं मला तरी अडाणीपणाचं वाटत नाही. त्याला उत्तर देण्यासाठी नर्सबाई मौलवींकडे गेली, शाळेतल्या बाईंकडे गेली, पुन्हा त्याच दारात गेली. बाळाच्या डाव्या करंगळीवर शाई, दारावर खडूने 'पी' किंवा 'एक्स'. 'एक्स' म्हणजे मूल राहिलं, पुन्हा यायचं. 1897 मध्ये मुंबईत भिंतीवर अक्षरं रंगवली जात तेव्हा लोक घर सोडून पळत. ही खडूची अक्षरं पावसात धुऊन जायची आणि दुसऱ्या फेरीत बाई ती पुन्हा काढायची. देशातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्याजवळ सापडला. 27 मार्च 2014 ला प्रमाणपत्र मिळालं.

जामखेडचा अनुभव इथे सांगायला हवा. आरोळे दांपत्याने 1970 साली तिथे काम सुरू केलं तेव्हा बाहेरून आलेल्या नर्सेसना खेड्यात बस्तान बसवणं जड गेलं. तेव्हा गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर बायकांना शिकवलं गेलं आणि नर्स त्यांची शिक्षिका झाली. 2005 नंतर देशभर आलेल्या आशा कार्यकर्तीमागे अशाच प्रयोगांची पुण्याई आहे. फरक इतकाच की आशाला पगार नाही, मोबदला आहे, तोही कामागणिक, आणि त्यासाठी तिला वारंवार मोर्चे काढावे लागले.

2021 च्या नोव्हेंबरात कोरोनाची लस घेऊन 'हर घर दस्तक' मोहीम निघाली. नर्सबाई आणि आशा पुन्हा गल्लोगल्ली फिरल्या. खांद्याला निळा लसडबा, आत बर्फाच्या पट्ट्या, बर्फ वितळायच्या आत संपवायची कुप्यांची मोजदाद. पहिल्या दारात नकार, दुसऱ्या दारात "उद्या या". तिसऱ्या दारात एखादी म्हातारी विचारायची, "बाई, आधी पाणी घेता का?"