णमोकार मंत्रातील 'अरिहंत' पद

जैन परंपरेत णमोकार मंत्राला जे स्थान आहे, ते अन्य कोणत्याही पाठाला नाही. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि लोकातील सर्व साधू या पंचपरमेष्ठींना त्यात वंदन आहे. त्यात कोणत्याही तीर्थंकराचे नाव नाही, की काही मागणे नाही. हे वंदन व्यक्तीला नसून गुणाला आहे.

पालीच्या अभ्यासकाचे लक्ष पहिल्याच पदाकडे जाते. 'अरहंत' हा श्रमण परंपरांचा सामाईक शब्द होय. 'अर्ह्' धातूवरून त्याचा अर्थ 'पूजेस पात्र' असा होतो. जैन टीकाकारांनी मात्र 'अरिहंत' या रूपातून 'कर्मरूपी शत्रूंचा नाश करणारा' आणि 'अरुहंत' या रूपातून 'पुन्हा न उगवणारा' असेही अर्थ काढले. इ. स. ५ व्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्गा'त अशीच निरुक्ती केली आहे: क्लेशरूपी शत्रू मारले, संसारचक्राचे आरे मोडले, म्हणून 'अरहं'. दोन्हीकडे शत्रू अंतरीचाच आहे.

शब्द एक असला तरी सिद्धान्त एक नाही. जैनांचा अरिहंत हा घातिकर्मांचा क्षय करून केवलज्ञान पावलेला, परंतु अद्याप देहधारी असतो. सिद्ध हा देहमुक्त आत्मा होय. बौद्ध अरहंताचे आस्रव क्षीण झालेले असतात. तेथे नित्य आत्म्याला स्थान नाही आणि बुद्धांचे श्रावकही अरहंत होतात. मग सिद्ध श्रेष्ठ असता अरिहंतांना प्रथम वंदन का? 'षट्खंडागमा'च्या आरंभी हाच मंत्र मंगल म्हणून येतो. त्यावरील 'धवला' टीकेत वीरसेनाचार्य (९ वे शतक) सांगतात की, सिद्धांची ओळख अरिहंतांच्या उपदेशानेच होते. उपदेशकाला अग्रमान देणारा हा विचार बौद्ध वाचकालाही परका वाटू नये.

हा भेद इतिहाससंशोधनात महत्त्वाचा ठरतो. ओडिशातील उदयगिरीच्या हाथीगुंफा लेखात खारवेलाने अरहंतांना व सर्व सिद्धांना वंदन केले आहे; तेथे पाचही पदे नाहीत, तथापि 'सिद्ध' हे पद जोडीला आहे. पुणे जिल्ह्यातील पाले येथील ब्राह्मी लेखात केवळ अरहंतांना वंदन आहे. तेवढ्यावरून ते लेणे जैन ठरवले गेले. परंतु बौद्धांच्या नित्य वंदनेतही 'अरहतो' हे पद आहेच. तेव्हा एका शब्दावर लेण्याचा धर्म ठरवणे योग्य नव्हे. दान, दाता, वास्तू आणि परिसर यांची साक्षही घेतली पाहिजे.

सामाईक शब्दावर कोणीही एकट्याने हक्क सांगू नये. णमोकाराचा अर्थ जैन शास्त्रांतूनच समजून घेतला, तर आपल्या वंदनेतील त्याच पदाचा अर्थही अधिक स्पष्ट होतो.