मॅन्डोलिनचं वर्म

तर मंडळी, झालं असं की मामाचं जुनं मॅन्डोलिन माझ्याकडे आलं. मामा पिंपरीला कारखान्यात कामाला आणि गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवायला. आठ तारा, चार जोड्या, व्हायोलिनसारख्याच जी-डी-ए-ई सुरांत लावायच्या. पण लावून पाच मिनिटं होत नाहीत तोच एखादी उतरायची. जोडीतली एक जरा जरी उतरली तरी दोघींचं भांडण कानाला टोचतं!

चाव्यांचे स्क्रू गंजून बसलेले. आमच्या तळवड्यात एकीकडे आयटी पार्क आणि दुसरीकडे लेथ-मिलिंगच्या शेड. विकांताला एका शेडमधे गेलो. तिथल्या काकांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हे तर वर्म गीअर! दोन चाकांचे दात गेलेत बघ." मग मिलिंग मशीनवरचं डिव्हायडिंग हेड दाखवलं. त्याच्या हँडलचे ४० फेरे केले की जॉबचा एक फेरा. आटे असलेला दांडा चाकाला फिरवतो, पण चाक दांड्याला उलटं फिरवू शकत नाही. आठ तारा मिळून मानेला साधारण ७०-८० किलोंनी ओढतात, म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस लोंबकळल्यासारखंच. तरी सूर टिकतो तो या एकतर्फी कारभारामुळे. खरं वर्म इथे आहे!

हे गीअर मॅन्डोलिनवर पहिल्यापासून नव्हते. अठराव्या शतकात इटलीतल्या नेपल्समधे बनणाऱ्या मॅन्डोलिनला लाकडी खुंट्या असायच्या आणि तारांमधे आतड्याच्या तातीही. १८३५च्या सुमारास तिथल्या विनाच्चिया घराण्यातल्या पास्क्वाले विनाच्चियाने पोलादी तारा लावल्या. आवाज खणखणीत झाला, पण नवी पंचाईत उभी राहिली. पोलाद फारसं ताणत नाही, त्यामुळे खुंटी केसभर फिरली तरी सूर कुठल्या कुठे. म्हणून खुंट्या गेल्या, गीअर आले.

आता म्हणाल, पोलादी तारा तर सतारीलाही असतात, मग तिला लाकडी खुंट्या कशा चालतात? आपल्या कारागिरांनी वेगळा तोडगा काढला. खुंटीने ढोबळ सूर, आणि बारीक फरक तारेत ओवलेला मणी सरकवून. खुंटी घसरली तर खडू लावायचा. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मधे भौगोलिक मानांकन मिळालं, तीही वाद्यं याच खुंटी-मण्यावर. प्रश्न एक, उत्तरं दोन, आणि दोन्ही बरोबर.

मॅन्डोलिन आपल्याकडे रुजलं ते मुख्यतः सिनेमामुळे. १९६३च्या 'पारसमणी'पासून प्यारेलालसोबत गाजलेले लक्ष्मीकांत कुडाळकर आधी मॅन्डोलिन वाजवायचे. 'संगदिल' (१९५२)चे संगीतकार सज्जाद हुसेन यांनी तर त्यावर राग वाजवले. दक्षिणेत यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी जोड्याच काढून टाकल्या आणि पाच एकेरी तारांचं इलेक्ट्रिक मॅन्डोलिन कर्नाटक संगीतात आणलं. म्हणजे या वाद्याचा इतिहास हाच मुळी अपग्रेडचा इतिहास आहे.

तरीही हात थबकला. मामाची बोटं चाळीस वर्षं ज्या चाव्यांवर फिरली, त्या काढायच्या? आणि नव्या नाही बसल्या तर लाकडात नवीन भोकं पाडायची?

काका म्हणाले, "आधी माप घे." पहिल्या खुंटापासून चौथ्यापर्यंतचं अंतर कॅलिपरने मोजलं आणि तीनने भागलं. एकेक अंतर मोजण्यापेक्षा यात चूक कमी. २३ मिमी आलं, आजच्या नेहमीच्या पट्ट्यांचं माप! १८:१च्या चार-चार चाव्यांच्या दोन पट्ट्या मागवल्या. चावीचा एक पूर्ण फेरा म्हणजे खुंट फक्त २० अंश. ड्रिलला हात न लावता जुन्याच भोकांत बसल्या. एक धडाही मिळाला: सूर नेहमी खालून वर चढवत आणायचा, म्हणजे गीअरमधली ढील उरत नाही.

जुन्या पट्ट्या तेल लावून, कागदात गुंडाळून मॅन्डोलिनच्या पेटीतच ठेवल्यात. आमच्या भाषेत रोलबॅक प्लॅन. उद्या भाचीला वाटलं की मामाआजोबांच्या चाव्याच हव्यात, तर स्क्रू तेवढे फिरवायचे.

असो. काल तासभर वाजवलं. एकही तार उतरली नाही.